परागजन्य अन्न-अधिहर्षता

परागजन्य अन्न-अधिहर्षता : परागकण श्वासावाटे शरीरात जाऊन ज्या व्यक्ती त्यांना संवेदनशील झालेल्या असतात, अशांपैकी काहींना विशिष्ट फळे, भाज्या, शेंगा, कवचाची फळे वा मसाले कच्च्या स्वरूपात खाल्ल्यावर जी विकृत प्रतिक्रिया होते, तिला परागजन्य अन्न-अधिहर्षता म्हणतात. अधिहर्षता म्हणजे व्यवहारात जिला ॲलर्जी म्हणतात ती. ओठ, जीभ, टाळू व घसा यांना खाज सुटणे, तेथे चुरचुरणे आणि क्वचित सूज येणे ही या विकाराची नेहमीची लक्षणे होत. लक्षणे मुखापुरती मर्यादित राहत असल्यामुळे तिला मुखीय अधिहर्षता लक्षणसमूह असेही नाव आहे. येथे विकाराचे मूळ अन्नात नसून परागात असते. अन्नातील एखाद्या प्रथिनाची रचना परागातील प्रथिनासारखी असल्यामुळे शरीर त्या अन्नालाच पराग समजते.

पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष विचार करण्याजोगा आहे. तेथील ग्रामीण व आदिवासी कुटुंबांच्या आहारात मोह, चार, टेंभुर्णी, आवळा, बोर, जांभूळ, सीताफळ, आंबा इ. वनातील वा बांधावरील फळांना मोठे स्थान आहे. घसा खाजवला एवढ्यावरून यांपैकी एखादे फळ कायमचे वर्ज्य करणे म्हणजे पोषणाचा एक स्वस्त मार्ग बंद करणे होय. उलट, खरोखर गंभीर प्रतिक्रिया किरकोळ समजून दुर्लक्षिली, तर रुग्णालय दूर असलेल्या गावी ती प्राणावर बेतू शकते. त्यामुळे निरुपद्रवी खाज, परागजन्य अधिहर्षता आणि जीवघेणी अन्न-अधिहर्षता यांतील भेद समजणे आवश्यक ठरते.

इतिहास : परागकणांमुळे परागज्वर होतो हे इंग्रज वैद्य चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये सिद्ध केले. ‘ॲलर्जी’ ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये रूढ केली. १९२१ मध्ये प्राउसनिट्स व क्यूस्टनर या जर्मन वैद्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग केला. क्यूस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांचा रक्तरस प्राउसनिट्स यांच्या त्वचेत टोचल्यावर त्या जागी माशाच्या अर्काची प्रतिक्रिया उमटली. अन्नाविषयीची संवेदनशीलता रक्तरसातील एखाद्या घटकामार्फत वाहिली जाते, हे यावरून कळून आले. हा घटक म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई (संक्षेपाने आयजीई) या वर्गाची प्रतिपिंडे होत. त्यांचा शोध अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनी १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे लावला.

परागज्वराच्या रुग्णांना ताजी फळे सोसत नाहीत, पण तीच फळे शिजवल्यावर सोसतात, असे निरीक्षण टफ्ट व ब्लूमस्टाइन यांनी १९४२ मध्ये नोंदविले. रॅगवीड या अमेरिकन तणाचा पराग न सोसणाऱ्यांना खरबूज व केळे खाताना त्रास होतो, हे १९७० मध्ये दिसून आले. यूरोपात बर्च वृक्षाचा पराग आणि सफरचंद, गाजर इत्यादींचा असाच संबंध १९७० नंतरच्या दशकात प्रस्थापित झाला. ‘मुखीय अधिहर्षता लक्षणसमूह’ ही संज्ञा १९८७ मध्ये प्रचारात आली. बर्च परागातील मुख्य अधिहर्षताजनक प्रथिनाची जनुकीय रचना १९८९ मध्ये उलगडल्यावर सफरचंदातील तत्सम प्रथिनाशी त्याचे असलेले साम्य रेणूच्या पातळीवर दाखविता आले.

भारतात परागजन्य विकारांच्या अभ्यासाचा पाया दिल्ली येथील वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत डी. एन. शिवपुरी यांनी घातला. महाराष्ट्रात मराठवाडा विद्यापीठातील एस. टी. टिळक यांनी हवेतील पराग व कवकांची बीजुके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने तयार केलेले हवेचे नमुने घेण्याचे उपकरण ‘टिळक वायुनमुनक’ म्हणून ओळखले जाते.

कारणमीमांसा : परागकण बहुधा १० ते १०० मायक्रोमीटर व्यासाचे असतात. ते नाकाच्या ओलसर श्लेष्मकलेवर बसले, की त्यांतील प्रथिने काही मिनिटांत बाहेर पडतात. अधिहर्षतेची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत या प्रथिनांविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे तयार होतात व ती मास्ट कोशिकांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. या अवस्थेला संवेदनीकरण म्हणतात. तिला अनेक महिने वा वर्षे लागू शकतात आणि त्या काळात व्यक्तीला काहीही जाणवत नाही. पुढे तेच प्रथिन पुन्हा शरीरात आले म्हणजे ते शेजारशेजारच्या प्रतिपिंडांना जोडते, मास्ट कोशिका हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर टाकतात आणि खाज, सूज, शिंका, नाक वाहणे ही लक्षणे उद्भवतात.

प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन ओळखत नाही, तर त्याच्या पृष्ठभागावरील एक लहानसा आकार ओळखते. ज्याप्रमाणे एका कुलपाची किल्ली दुसऱ्या सारख्या कुलपाला लागते, त्याप्रमाणे परागाविरुद्ध घडलेले प्रतिपिंड फळातील तशाच आकाराच्या प्रथिनालाही जुळते. यास अन्योन्य प्रतिक्रिया म्हणतात. असे साम्य दूरच्या वनस्पतींतही आढळते, कारण संबंधित प्रथिने वनस्पतींच्या मूलभूत जीवनव्यापारातील असून उत्क्रांतीच्या ओघात ती फारशी बदललेली नाहीत.

अशा प्रथिनांचे तीन गट महत्त्वाचे आहेत. (१) बर्च परागातील मुख्य प्रथिनासारखी प्रथिने : वनस्पतीवर रोग वा अन्य ताण आला असता ती अधिक निर्माण होतात. सफरचंद, नासपती, बदाम, गाजर यांत ती असतात. (२) प्रोफिलिने : ही जवळजवळ सर्व वनस्पतींच्या कोशिकांत असून कोशिकेच्या अंतर्गत सांगाड्याच्या बांधणीत भाग घेतात. गवते, तणे व वृक्ष या सर्वांच्या परागांत ती असल्यामुळे त्यांना संवेदनशील झालेल्या व्यक्तीला खरबूज, टरबूज, केळे, टोमॅटो, संत्रे अशा परस्परांशी संबंध नसलेल्या फळांचा त्रास होऊ शकतो. (३) मेदवाहक प्रथिने : ही फळांच्या सालीत विशेषेकरून असतात. पहिल्या दोन गटांतील प्रथिने उष्णतेने व जठररसाने लवकर नाश पावतात. त्यामुळे ती तोंडात लक्षणे निर्माण करतात, पण पोटात पोहोचेपर्यंत निष्प्रभ होतात. तिसऱ्या गटातील प्रथिने मात्र उष्णता व पाचक रस या दोहोंना दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्यामुळे होणारी प्रतिक्रिया सर्वांगीण व गंभीर असू शकते. शिजवलेले फळ सोसते की नाही, या साध्या प्रश्नाचे निदानात एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशातील पराग : पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश पानझडी वनांचा असून गडचिरोली जिल्ह्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. यूरोपीय ग्रंथांत या विकाराचे प्रमुख कारण म्हणून वर्णिलेला बर्च येथे नाही. त्याचा भारतीय भाईबंद भूर्जवृक्ष फक्त हिमालयात वाढतो. म्हणून परदेशी ग्रंथांतील फळांच्या याद्या जशाच्या तशा येथे लावणे चुकीचे ठरते. स्थानिक फुलोऱ्याचे वेळापत्रक व स्थानिक आहार यांची सांगड घालूनच विचार करावा लागतो.

अधिहर्षता घडविण्यास पराग हलका, कोरडा व विपुल असावा लागतो. हे गुण वाऱ्याने परागण होणाऱ्या वनस्पतींत असतात. त्यांची फुले बहुधा लहान, हिरवट व गंधहीन असून ती सहसा नजरेत भरत नाहीत. उलट, ज्यांच्या फुलांनी हे वन ओळखले जाते ते वृक्ष या बाबतीत दुय्यम आहेत. फाल्गुनात फुलणाऱ्या पळसाचे परागण मुख्यतः पक्षी करतात, पावसाळ्यात फुलणाऱ्या सागाचे कीटक करतात आणि मोहाच्या फुलांकडे रात्री वटवाघळे येतात. त्यांचा पराग जड वा चिकट असून हवेत फार दूर जात नाही.

हवेतील परागाचे येथे सर्वसाधारणपणे दोन हंगाम मानता येतात. पहिला जानेवारी ते एप्रिल हा वृक्षांचा. या काळात वावळ पाने येण्यापूर्वीच फुलते व महारुखालाही मोहोर येतो. दुसरा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा असून तो गवते व तणे यांचा आहे. जंगलातील व पडीक जमिनीवरील गवते, बांधावरील काटेमाठ व चाकवत, गावठाणालगतचा एरंड आणि रस्त्याकडेचे गाजर गवत ही या हंगामातील ठळक उदाहरणे होत. बांबू हाही गवताच्याच कुलातील आहे, परंतु तो अनेक वर्षांनी एकदाच फुलत असल्यामुळे दरवर्षीच्या परागात त्याचा वाटा नसतो.

गाजर गवताचा वेगळा विचार केला पाहिजे. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे शास्त्रीय नाव असलेले हे मूळचे अमेरिकन तण पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास लक्षात आले व पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने होणारा त्वचाशोथ प्रसिद्ध आहे, पण तो पार्थेनिन या द्रव्यामुळे होणारा, एक-दोन दिवसांनी प्रकट होणारा वेगळा विकार असून त्याचा आयजीई प्रतिपिंडांशी संबंध नाही. त्याच्या परागामुळे शिंका व दमा होतो हे बंगळूरू येथील संशोधनातून १९९१ मध्ये स्पष्ट झाले. त्याचा पराग व रॅगवीडचा पराग यांच्यात अन्योन्य प्रतिक्रिया होते, हेही नंतर सिद्ध झाले. रॅगवीड व खरबूज यांचा संबंध वर आलाच आहे. तथापि, केवळ या साखळीवरून गाजर गवताच्या प्रत्येक रुग्णाने उन्हाळ्यात नदीपात्रातील वाळूत पिकणारी टरबुजे व डांगरे सोडावीत असा निष्कर्ष निघत नाही. ज्याला ती खाताना लक्षणे होतात, त्याच्यापुरताच तो विचार करावयाचा असतो.

परागसंबद्ध अन्नपदार्थ : येथील आहाराच्या दृष्टीने पुढील संबंध ध्यानात घेण्यासारखे आहेत.

(१) शेंगा : विलायती बाभूळ हे मूळचे अमेरिकन झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणले गेले व कोरड्या, पडीक जमिनीवर फैलावले. तिच्या परागातील प्रथिने व डबल बी या कडधान्यातील प्रथिने यांच्यात आयजीईच्या पातळीवर अन्योन्य प्रतिक्रिया होते, हे दिल्लीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले. दोन्ही वनस्पती शिंबावंत कुलातील आहेत. भारतीय पराग व भारतीय खाद्य यांचा प्रत्यक्ष संबंध दाखविणारे हे एक उत्तम उदाहरण होय.

(२) आंबा : आंब्यातील काही प्रथिने नागदवणा व बर्च यांच्या परागांतील प्रथिनांशी जुळतात, असे २००१ मध्ये जर्मनीत दिसून आले. आंबा खाल्ल्यावर लगेच घसा खाजवणे हा प्रकार यात मोडतो. मात्र आंब्याच्या चिकाने ओठांभोवती एक-दोन दिवसांनी उठणारे फोड हा स्पर्शजन्य त्वचाशोथ असून त्याचे कारण सालीतील व चिकातील दाहक द्रव्ये हे आहे. आंबा नीट धुऊन, देठाकडचा चीक काढून व साल सोलून खाल्ल्यास हा दुसरा त्रास बहुधा टळतो.

(३) पपई : परसातील पपईच्या नर झाडांचा पराग हवेतून पसरतो. पराग, फळ व पपेन हे एंझाइम यांच्यात समान अधिहर्षताजनक घटक असल्याचे आढळले आहे.

(४) मसाले : धणे, जिरे, बडीशेप व ओवा हे सर्व एकाच कुलातील आहेत. नागदवण्याच्या परागाला संवेदनशील असलेल्यांना या कुलातील पदार्थांचा त्रास होतो, हे यूरोपात सुपरिचित आहे. फोडणीत तळलेल्या मसाल्यापेक्षा कच्च्या पुडीने लक्षणे होण्याचा संभव अधिक असतो.

(५) मध व मोहफुले : यांत सादृश्याचा प्रश्न नसून प्रत्यक्ष परागच पोटात जातो. आग्या मोहोळाचा जंगली मध पोळे पिळून काढलेला असल्यास त्यात पराग भरपूर असतो. सूर्यफूल, गाजर गवत इ. ज्या कुलातील आहेत, त्या कुलाच्या परागाला संवेदनशील असलेल्या व्यक्तींना मधाने तीव्र प्रतिक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. मोहाच्या फुलाचा गळून पडणारा मांसल भाग केसरदलांसह असतो, परंतु तो बहुधा वाळवून, भाजून वा उकडून खातात.

लक्षणे : पदार्थ तोंडात गेल्यापासून सामान्यतः ५ ते १५ मिनिटांत ओठ, टाळू, जीभ व कान आतून खाजू लागतात. ओठांवर किंचित सूज येते, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. अर्ध्या-एक तासात हे सर्व आपोआप ओसरते. ज्या परागाशी संबंध असेल त्याच्या हंगामात लक्षणे वाढतात व इतर वेळी तेच फळ फारसा त्रास देत नाही. रुग्णाला बहुधा आधीपासून शिंका, डोळे चुरचुरणे वा दमा यांचा हंगामी त्रास असतो. लहान मुलांपेक्षा मोठी मुले व तरुण यांत हा विकार अधिक आढळतो, कारण परागाचे संवेदनीकरण होण्यास काही वर्षे जावी लागतात.

थोड्या रुग्णांत लक्षणे मुखाबाहेर पसरतात. अंगावर पित्त उठणे, उलटी, आवाज बसणे, धाप लागणे, भोवळ येणे ही धोक्याची चिन्हे होत. एकूण रुग्णांपैकी शेकडा दोनांहून कमी रुग्णांत तीव्रग्राहिता ही प्राणघातक ठरू शकणारी अवस्था उद्भवते. उपाशीपोटी जास्त प्रमाणात फळ खाणे, खाण्याच्या सुमारास कष्टाचे काम करणे, वेदनाशामक औषधे घेणे आणि जठरातील अम्ल कमी करणारी औषधे घेणे यांमुळे हा धोका वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपाने तोडण्यासाठी पहाटेच जंगलात जाणारे मजूर उन्हात, रिकाम्या पोटी व श्रम करीत असतानाच रानफळे खातात. त्यांच्यापैकी ज्याला फळांचा त्रास होतो, त्याच्या बाबतीत यांपैकी काही गोष्टी एकाच वेळी जुळून येतात.

सदृश विकार : घसा खाजवला म्हणजे अधिहर्षताच असे नाही. अळू व सुरण यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक श्लेष्मकलेत रुततात व सर्वांनाच खाज आणतात. चिंच वा आमसूल घालून शिजविण्याची प्रथा त्यावरील उतारा म्हणूनच आहे. अननसातील व कच्च्या पपईच्या चिकातील प्रथिनभंजक एंझाइमांनी जीभ चुरचुरते. वांग्यात हिस्टामीन मुळातच असते. बिब्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते व फोड येतात. आंबा, काजू, चार व बिबा हे सर्व एकाच कुलातील असले, तरी बिब्याचा दाह हा आयजीईशी निगडित नाही, म्हणून बिबा उतणाऱ्याने आंबा वा चारोळी वर्ज्य करण्याचे कारण नाही.

याहून महत्त्वाचा भेद मूळ अन्न-अधिहर्षतेशी आहे. तीत संवेदनीकरण अन्नानेच होते, पदार्थ शिजवूनही त्रास थांबत नाही व लक्षणे सुरुवातीपासूनच सर्वांगीण असू शकतात. दूध, अंडी, मासे, कोळंबी, भुईमूग ही तिची नेहमीची कारणे होत. हरभरा हेही भारतातील एक महत्त्वाचे कारण असल्याचे मुंबईतील संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले. शिजलेल्या डाळीने वा तळलेल्या भज्याने ज्याला त्रास होतो, त्याचा विकार परागजन्य समजून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

निदान : काळजीपूर्वक विचारलेला पूर्वेतिहास हाच निदानाचा मुख्य आधार असतो. कोणता पदार्थ खाल्ला, कच्चा की शिजलेला, किती वेळाने लक्षणे आली, किती वेळ टिकली, कोणत्या महिन्यात आली, हंगामी शिंका आहेत काय, या सहा प्रश्नांच्या उत्तरांवरून बहुसंख्य रुग्णांची विभागणी करता येते. यासाठी कोणतेही उपकरण लागत नसल्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रातही हे शक्य आहे.

त्यानंतर त्वचा-टोचणी परीक्षा करतात. बाजारात मिळणाऱ्या फळांच्या अर्कांत नाजूक प्रथिने टिकत नाहीत, म्हणून सुई आधी ताज्या फळात व मग त्वचेत टोचण्याची पद्धत अधिक विश्वसनीय मानतात. रक्तातील विशिष्ट आयजीईचे मापनही करता येते. शंका उरल्यास वैद्यकीय देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून निर्णय करतात. अशी परीक्षा घरी करणे योग्य नाही.

परीक्षेतील होकारार्थी निष्कर्ष म्हणजे रोग नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. कर्नाटकातील प्रौढांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, २६.५% लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे आढळली, पण लक्षणांसह संभाव्य अन्न-अधिहर्षता केवळ १.२% लोकांत होती. परागाविरुद्धची प्रतिपिंडे अन्नाच्या परीक्षेतही जुळतात, हे या तफावतीचे एक कारण होय. तेव्हा रक्ततपासणीतील लांबलचक यादी पाहून डझनभर पदार्थ बंद करणे शास्त्रीय ठरत नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या व गर्भवतींच्या बाबतीत तर त्यामुळे प्रत्यक्ष अपाय होतो.

पथ्य व चिकित्सा : ज्या पदार्थाने लक्षणे होतात तो, आणि तोही कच्च्या स्वरूपात, तेवढाच टाळावा असा सर्वसाधारण नियम आहे. त्याच कुलातील किंवा यादीतील इतर पदार्थ सोसत असतील तर खाण्यास हरकत नाही. साल काढल्याने लक्षणे कमी होतात व शिजवल्याने बहुधा नाहीशी होतात. या दृष्टीने पारंपरिक पाकपद्धती उपयुक्त आहेत. कैरी उकडून केलेले पन्हे, कच्च्या पपईची भाजी, भाजलेली वा उकडलेली मोहफुले यांत उष्णतेने नाजूक प्रथिनांचा नाश झालेला असतो. बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना या भागात वास्ते म्हणतात, तेही उकळून पाणी टाकल्याशिवाय खात नाहीत. अर्थात त्याचे मुख्य कारण त्यांतील विषारी सायनाइडयुक्त द्रव्य घालविणे हे आहे. ज्याला शिजवलेल्या पदार्थानेही त्रास होतो किंवा ज्याची लक्षणे एकदा जरी मुखाबाहेर पसरली आहेत, त्याने तो पदार्थ सर्व स्वरूपांत वर्ज्य करावा व तज्ञाचा सल्ला घ्यावा.

किरकोळ लक्षणांवर तोंड पाण्याने खळखळून धुणे व आवश्यक तर सेटिरिझिनासारखे हिस्टामीनविरोधी औषध घेणे पुरेसे असते. तीव्रग्राहितेवर मात्र हिस्टामीनविरोधी औषधांचा भरवसा धरता येत नाही. ॲड्रेनॅलीन हाच तिच्यावरील पहिला उपाय होय. प्रौढास १:१००० तीव्रतेचे ०.५ मिग्रॅ. आणि लहान मुलास वजनाच्या दर किग्रॅ.ला ०.०१ मिग्रॅ. या प्रमाणात ते मांडीच्या स्नायूत टोचतात. रुग्णास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, धाप लागली असल्यास बसते करावे आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे. सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण गडचिरोलीपासून सुमारे २०० किमी. दूर आहे. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला म्हणजे अनेक गावांचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी ॲड्रेनॅलिनाची कुपी जवळच्या आरोग्य केंद्रात असणे व ती वापरण्याचे शिक्षण तेथील सेवकांना असणे ही मोठ्या शहरातील सुसज्ज प्रयोगशाळेहूनही अधिक निकडीची गरज होय.

परागाविरुद्धच्या प्रतिरक्षा-चिकित्सेत परागाचा अर्क वाढत्या मात्रेत दीर्घकाळ देतात. परागज्वरावर तिचा चांगला उपयोग होतो, परंतु अन्नाच्या लक्षणांवरील तिचा परिणाम सर्व रुग्णांत सारखा नसतो. त्यामुळे केवळ अन्न-अधिहर्षतेसाठी ती सहसा देत नाहीत.

प्रतिबंध : जंगलातील परागापासून अलिप्त राहणे वनवासी माणसाला अशक्य आहे. तथापि गाव व शाळा यांच्या परिसरातील गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे शक्य व हितावह आहे. त्याच्या जैव नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा बायकोलोराटा हे भुंगेरे १९८४ मध्ये प्रथम बंगळूरू येथे सोडण्यात आले. ते पावसाळ्यात या तणाची पाने खाऊन फुलोरा घटवितात. मात्र या उपायांनी रोगप्रवृत्ती नाहीशी होत नाही. परागजन्य अन्न-अधिहर्षता बहुधा वर्षानुवर्षे टिकते, पण योग्य निदान झालेल्या रुग्णाला तिच्यामुळे एक-दोन कच्च्या पदार्थांखेरीज फारसे काही सोडावे लागत नाही.